चाकोरीबाहेरचे चाक

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती लोहार जी लोखंडी पट्टी चढवितो, तिला मराठीत धाव म्हणतात. धाव प्रथम विस्तवावर तापवितात. तापल्यामुळे ती प्रसरण पावते व चाकावर सहज बसते. मग वरून पाणी ओतले की ती आकुंचन पावून चाकाला असे आवळते, की त्याचे सारे लाकडी सांधे घट्ट होतात. या अरुंद धावेवर भरलेली गाडी वर्षानुवर्षे एकाच वाटेने गेली म्हणजे मातीत दोन खोल रेघा उमटतात. त्यांचे नाव चाकोरी. चाकोरी सोडून चालणे हा वाक्प्रचार आपण माणसांच्या वागणुकीस लावतो. परंतु त्याचा उगम चाकात आहे, आणि चाकाला चाकोरी सोडणे किती कठीण जाते हे गाडीवानाइतके कोणासच ठाऊक नसते.

आजच्या मोटारीची धाव म्हणजे तिचा टायर. चाकोरी सोडण्याची वेळ आली, की गाडीची किंमत, तिच्या यंत्राची शक्ती आणि तिच्या आसनांचे चामडे ही सर्व मागे पडतात व जमिनीला टेकलेले रबराचे चार तुकडे तेवढे पुढे येतात. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या आलिशान गाड्या आता आपल्याकडे पुष्कळ दिसू लागल्या आहेत. त्यांना आडवाटेला न्यावयाचे असेल तर टायर कोणते निवडावेत, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. वस्तुतः तो भौतिकशास्त्राचा आणि प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

जबलपूरची चार प्रकारची जमीन

या प्रश्नाचा विचार करण्यास जबलपूरसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. आडवाटेच्या गाड्यांशी या नगराचे नाते जुने आहे. येथील तोफगाडा कारखाना १९०४ साली स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर जर्मनीतील मान या कंपनीच्या परवान्याने तयार होणारा ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक याच नगराने देशाला दिला. १९६९ साली येथे वाहन निर्माणी उभी राहिली. जपानी निस्सान पेट्रोलच्या धर्तीवर बनलेली ‘जोंगा’ ही लष्करी गाडी तर आपल्या नावातच जबलपूर बाळगून आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते नाव तयार झाले आहे.

दुसरे कारण जमिनीचे. नगराच्या कडेलाच मदनमहालच्या टेकड्यांवर ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे एकमेकांवर तोललेले दिसतात. भेडाघाटला नर्मदा संगमरवराच्या कड्यांमधून वाहते, आणि तिच्या काठी ठिकठिकाणी वाळूचे पट्टे पसरलेले असतात. पाटणकडे वळावे तर काळ्या मातीची सपाट शेते लागतात. या भागात ‘हवेली’ नावाची शेतीची जुनी पद्धत आहे. शेताभोवती उंच बांध घालून पावसाचे पाणी आत कोंडून ठेवावयाचे, पावसाळा संपल्यावर ते सोडून द्यावयाचे, आणि मुरलेल्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरावयाचा, अशी ती पद्धत. आणि या सर्वांना जोडणाऱ्या मुरमाच्या व खडीच्या वाटा आहेतच. खडक, वाळू, काळी माती आणि खडी अशा चार परस्परविरोधी जमिनी येथे एका दिवसाच्या फेरफटक्यात चाकाखाली येऊ शकतात.

तिसरी गोष्ट मराठी वाचकांच्या विशेष परिचयाची आहे. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, व दोहोंमधील जाणे-येणे अद्याप अखंड आहे. नागपूरहून सिवनी व लखनादौनमार्गे जबलपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे, आणि हा मार्ग आज रुंद व वेगवान महामार्ग झाला आहे. म्हणजे नागपूरकराची गाडी प्रथम काही तास महामार्गावर धावते, मग चार-पाच किलोमीटर चिखलात वा वाळूत शिरते, आणि पुन्हा तोच महामार्ग धरून घरी परतते. टायर निवडताना या तिन्ही टप्प्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. नेमकी येथेच बहुतेकांची चूक होते.

दोन पोस्टकार्डांएवढी जागा

टायर जमिनीला किती जागेवर टेकतो, हे काढणे अवघड नाही. गाडीचे वजन २,४०० किलोग्रॅम धरले, तर प्रत्येक चाकावर सुमारे ६०० किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २.४ किलोग्रॅम, म्हणजे पंपावरच्या भाषेत सुमारे ३४ पौंड हवा असेल, तर ६०० ला २.४ ने भागून २५० चौरस सेंटिमीटर हे स्पर्शक्षेत्र मिळते. आपले साधे पोस्टकार्ड सुमारे १२६ चौरस सेंटिमीटरचे असते. याचा अर्थ असा, की प्रत्येक चाक दोन पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभे असते, आणि संपूर्ण गाडीला पृथ्वीशी जोडणारी जागा आठ पोस्टकार्डांपेक्षा अधिक नसते.

आता हवा निम्मी केली, म्हणजे १७ पौंडांवर आणली, तर हे क्षेत्र जवळजवळ दुप्पट होते. टायरच्या भिंतींचा ताठरपणा भाराचा काही अंश उचलतो, म्हणून प्रत्यक्ष वाढ दुपटीहून थोडी कमी भरते. ही वाढ मुख्यतः लांबीत होते. टायर रुंदीला फारसा फुगत नाही. तो पुढे-मागे पसरून रणगाड्याच्या पट्ट्यासारखा थोडा लांबट होतो. उंटाचे मऊ, पसरट पाऊल वाळूत रुतत नाही आणि शेळीचा कठीण, चिंचोळा खूर रुततो, यामागील तत्त्व हेच आहे.

माती चाकाला कशी धरते

जमीन चाकाला दोन प्रकारांनी आधार देते. वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. ते केवळ घर्षणाने एकमेकांना अडवून धरतात. हे घर्षण वरून पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात वाढते. ओल्या चिकणमातीत याच्या उलट प्रकार असतो. तिचे सूक्ष्म कण परस्परांना चिकटून असतात. त्या चिकटपणाचा लाभ भारावर अवलंबून नसून चाक किती क्षेत्रावर टेकले आहे यावर अवलंबून असतो. मातीच्या बळाचे हे दोन घटक फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँ यांनी अठराव्या शतकातच वेगळे केले होते. विसाव्या शतकात पोलंडमध्ये जन्मलेल्या म्येचिस्वाव बेकर यांनी त्यांच्या आधारे चाक आणि जमीन यांच्या संबंधाचे स्वतंत्र शास्त्र उभारले. त्यांचा या विषयावरील मूलभूत ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालविली, तिच्या रचनेत बेकर यांचा मोठा वाटा होता. त्या गाडीला रबरी टायर नव्हते. तिची चाके पोलादी तारेच्या लवचीक जाळीची होती. चंद्राच्या धुळीवर पसरून टेकावे आणि रुतू नये, एवढे एकच काम त्या जाळीकडे होते.

यावरून जबलपूरच्या प्रवाशाला दोन धडे मिळतात. वाळूत भार पुरेसा असतो, पण चाक खोल रुतले की पुढची वाळू भिंतीसारखी आडवी येते. म्हणून स्पर्शक्षेत्र वाढवून वाळूच्या वरच राहणे श्रेयस्कर. तेथे खोल व धारदार नक्षीचा टायर लाभदायक ठरत नाही. गरगर फिरू लागला, की तो फावड्याप्रमाणे स्वतःचाच खड्डा खणतो. काळ्या मातीत मात्र प्रथम खालचा थर पाहावा लागतो. वर चार बोटे चिखल आणि खाली कठीण मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खालच्या मुरमाला भिडतो. जुन्या लष्करी जीपांचे टायर अरुंद व उंच असत, ते चिखलवाटेवर या कारणाने उपयोगी पडत. चिखलाला तळच नसेल, तर अरुंद टायर आसापर्यंत रुततो, आणि तेथे केवळ रुंद व मऊ टायरच तरू शकतो.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा त्याच्यामुळेच पडतात. ही माती ओली असताना टायरच्या खाचांत गच्च बसते, आणि मग नक्षी कितीही खोल असली तरी टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. खाचा रुंद असल्या तरच फिरणाऱ्या चाकावरून हा चिखल झटकला जातो. चिखलासाठी बनविलेल्या टायरची ठोकळेदार नक्षी हे काम करते.

तीन जाती

बाजारात या गाड्यांसाठी मुख्यतः तीन जातींचे टायर मिळतात. पहिली जात महामार्गाची. तिची नक्षी दाट, खाचा अरुंद, चाल शांत, आणि ओल्या डांबरावर तिची पकड उत्तम असते. चिखलात मात्र ती लगेच भरून जाते. तिसरी जात चिखलाची. तिचे ठोकळे मोठे व खाचा रुंद असतात. ती चिखल झटकते आणि खडकाच्या कडेला धरते. पण रस्त्यावर गुणगुणते, इंधन अधिक खाते, आणि ओल्या रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर घेते, कारण डांबराला टेकणारे रबरच तिच्यात कमी असते. या दोहोंच्या मध्ये सर्व प्रकारच्या जमिनींची म्हणविली जाणारी दुसरी जात येते. ती कोठेच सर्वोत्तम नसते आणि बहुतेक ठिकाणी पुरेशी असते.

चिखलाचा टायर दिसण्यात रुबाबदार असतो, व पुष्कळदा रुबाबासाठीच घेतला जातो. परंतु वर सांगितलेला हिशेब येथे आठवावा. जाताना पावणेतीनशे आणि येताना पावणेतीनशे किलोमीटर महामार्ग, आणि मध्ये पाच किलोमीटर चिखल. आषाढातल्या पावसात वेगाने जाताना समोर गाय आडवी आली, तर जीव वाचविणारा गुण ओल्या रस्त्यावरील पकड हाच असतो. चिखलात टायर कमी पडला तर फार तर एखादा ट्रॅक्टर बोलवावा लागेल. म्हणून ज्याचे रोजचे कामच चिखलात आहे त्याने चिखलाचा टायर घ्यावा. इतरांस मधली जात योग्य.

मोठी रिम, पातळ भिंत

आलिशान गाड्यांचा एक विशेष दोष येथे सांगावयास हवा. शोभेसाठी त्यांना मोठ्या व्यासाच्या रिमा दिलेल्या असतात. नव्या लँड रोव्हर डिफेंडरची दोन मापे पाहू : २५५/७० आर १८ आणि २५५/६० आर २०. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती आहे ते. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे. आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत. पहिल्या मापात भिंतीची उंची २५५ च्या शेकडा ७०, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर येते, दुसऱ्यात १५३. आता रिमचा व्यास आणि दोन्ही बाजूंच्या भिंती मिळवा. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, ८१४ मिलिमीटर भरतो. बाहेरून चाक तेवढेच राहिले. आत लोखंड वा ॲल्युमिनियम दोन इंचांनी वाढले, आणि प्रत्येक बाजूची रबरी भिंत एका इंचाने घटली.

या एका इंचाचे मोल खडकावर कळते. हवा कमी करून टायर पसरावयाचा, तर भिंतीला लवण्यास वाव हवा. भिंत ठेंगणी असेल तर ग्रॅनाइटच्या कडेवर टायर चेपताच रिम दगडावर आदळते, आणि मधले रबर सुरी व पाटा यांत सापडल्यासारखे कापले जाते. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. भिंतीत मात्र बहुधा कापडी धाग्यांचे एक-दोन थरच असतात. तळव्याचे पंक्चर रस्त्याकडेचा पंक्चरवाला काढू शकतो. भिंत फाटल्यास त्याचाही उपाय चालत नाही. म्हणून आडवाटेसाठी निर्मात्याने त्या गाडीला मान्य केलेल्या मापांपैकी सर्वांत लहान रिम व सर्वांत उंच भिंत निवडणे, ही निवडीची पहिली पायरी होय. ब्रेकच्या रचनेमुळे काही गाड्यांस लहान रिम बसतच नाही. खरेदीपूर्वी याची खात्री करून घ्यावी.

टायरच्या भिंतीवर आणखी काही अक्षरे असतात. भाराचा निर्देशांक ११० असेल, तर तो टायर १,०६० किलोग्रॅमपर्यंत भार वाहू शकतो. ११५ असेल तर १,२१५ पर्यंत. त्यापुढील अक्षर वेगमर्यादेचे : ‘क्यू’ म्हणजे ताशी १६०, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटर. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी भाराचा कधीही नसावा. चार आकड्यांची एक संख्या टायरचे वय सांगते. ३२२४ याचा अर्थ २०२४ सालातील बत्तिसावा आठवडा. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे व सारखे झिजलेले असावेत. व्यासात फरक असला, तर सतत चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत आतील दंतचक्रांवर अखंड ताण पडतो. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे. झिजून गोटा झालेला किंवा आकाराने लहान असा पाचवा टायर आडवाटेवर जवळ असून नसल्यासारखाच.

हवा सोडणे आणि हवा भरणे

टायर एकदाच विकत घेतला जातो. हवेची निवड मात्र प्रत्येक वळणावर करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी डक नावाची पाण्यात व जमिनीवर चालणारी गाडी बनविली होती. तिच्या चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-अधिक करता येई. मऊ किनाऱ्यावर चढताना तो हवा सोडी आणि पक्क्या रस्त्यावर आला की भरी. आज हेच काम एक साधा दाबमापक आणि गाडीच्या विजेवर चालणारा छोटा पंप करतो. खडीच्या वाटेवर २५ पौंडांच्या आसपास, चिखलात व खडकावर २० च्या आसपास, आणि वाळूत १५ ते १८ पौंड, असा सर्वसाधारण प्रघात आहे. जड गाडीला यापेक्षा काहीशी अधिक हवा लागते. पंधराच्या खाली उतरल्यास जोराच्या वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका संभवतो. हवा कमी असताना वेगही कमी ठेवावा लागतो.

खरा धोका आडवाट संपल्यावर, परतीच्या रस्त्यावर असतो. चिखलातून बाहेर आलेला, थकलेला प्रवासी अंधार पडू लागलेला पाहून हवा न भरताच महामार्गाला लागतो. वर सांगितलेल्या ८१४ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे २.५६ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने ते मिनिटाला साडेसहाशे वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात मऊ भिंतीचा प्रत्येक भाग एकदा दबतो व एकदा सरळ होतो. जबलपूरपासून नागपूरपर्यंत अशी दबण्याची संख्या एक लाखाहून अधिक भरते. रबर दबताना घेतलेली सर्व ऊर्जा परत देत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने आतच राहतो. हवा कमी असली की भिंत अधिक दबते, उष्णता साचत जाते, थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि बाहेरून धड दिसणारा टायर भर वेगात फुटतो. आडवाटेवरील चुकीने गाडी अडकते. रस्त्यावरील या चुकीने माणसे दगावतात. पंप बरोबर नसेल, तर हवा सोडण्याचा विचारच करू नये.

थांबण्याचे ठिकाण

काही जागा अशा आहेत, की तेथे कोणताही टायर योग्य नाही. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले म्हणजे खालच्या पात्रातील पाणी चढते, आणि सकाळी कोरडा असलेला वाळूचा पट्टा दुपारी तसाच राहील असे नाही. पात्रात रुतलेली गाडी सोडविण्यास जो वेळ लागतो, तेवढा वेळ नदी देईलच याचा भरवसा नसतो. भर पावसाळ्यात हवेलीची शेते पाण्याने भरलेली असतात. तेथील बांध म्हणजे शेतकऱ्याचे पुढील पीक होय. गाडीच्या चाकाने बांधाला पडलेली खाच पाण्याला वाट देते, आणि त्याच्या कष्टाने कोंडलेली ओल एका रात्रीत वाहून जाते. त्या दिवसांत तेथील शेतकरी आपली बैलगाडीही शेतात घालत नाही. त्याचे अनुकरण करण्यात कमीपणा नाही.

तात्पर्य असे, की सर्व जमिनींस सारखाच योग्य असा टायर अस्तित्वात नाही; अशा जमिनीवरून अशा जमिनीवर सुखरूप नेणारी निवड मात्र करता येते. लहान रिम, उंच भिंत, मधल्या जातीची नक्षी, पुरेसा भारांक, धड पाचवे चाक, आणि हाताशी मापक व पंप, एवढी सामग्री नागपूर-जबलपूरच्या बहुतेक प्रवाशांना पुरेल. आलिशान गाडीच्या एकूण किमतीत या सामग्रीचा खर्च फारच थोडा आहे. उरलेले काम चालकाचे. गाडीतून खाली उतरून, चार पावले चालून, टाचेने माती दाबून पाहावी आणि मगच चाक पुढे घालावे. जुना गाडीवान ओढ्याच्या काठी गाडी उभी करून हेच करीत असे.